गाडी काही निघेना

टेलरबाईंचा जगात कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंही नाही. "भरवशाच्या म्हशीला टोणगा," हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच. नुसतं म्हणून थांबायच्या नाहीत. कापड आखायचा निळा खडू कायम त्यांच्या हाताशी असायचा. तेल कुठवर आहे ते कळावं म्हणून बरणीवर खडूची रेघ. शेजारणीला कात्री दिली की पात्याला एक ठिपका, म्हणजे परत आली ती आपलीच की बदललेली ते समजावं. लेक कॉलेजात होती तेव्हा तिच्या सायकलचं चाक जिथे टेकलंय तिथे फरशीवर बारीकशी खूण. ती "मी दिवसभर घरीच होते" म्हणाली की बाई आधी चाक बघून यायच्या. लेकीच्या कपाटाच्या दोन दारांमध्ये तर चक्क दोरा चिकटवलेला. दोरा तुटला की समजायचं, अभ्यास सोडून बाईसाहेब कपाटात काहीतरी करत होत्या. हसू नका. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती काही लागलं नाही, ही गोष्ट खरी. पण "सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, असं कुठे आहे?" हे उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं.

ती लेक आता फार लांब राहायला गेली होती. नोकरी धरली, लग्न केलं, तिकडचीच झाली. फोन यायचा तो बापाच्या फोनवर, आणि "आई बरी आहे ना?" एवढ्यावर संपायचा. मग तिला मुलगी झाली. टेलरबाईंनी नात पाहिली ती फोनच्या काचेवर, त्यातही अर्धं चित्र लेकीच्या अंगठ्याखाली गेलेलं. त्या दिवसापासून बाईंनी एकच धोशा लावला. "मला नात मांडीवर घ्यायचीय. ती चालायला लागायच्या आत. एकदा पाय फुटले की पोरं कुणाच्या मांडीवर बसतात होय?"

नवऱ्याला त्या 'अहो' म्हणायच्या, तेव्हा आपणही त्यांना अहोच म्हणू. अहोंनी उभं आयुष्य एका फर्निचरच्या कारखान्याचा माल पिकअपमधून घरोघर पोचवण्यात घालवलं. काम सोडताना मालकाने तीच जुनी पिकअप त्यांना देऊन टाकली, कारण दुसरं कुणी ती घेईना. ती आता अंगणात, टेलरबाईंच्या शिलाई मशीनच्या खिडकीसमोर उभी असायची. लेकीकडे जायचं तर याच गाडीने, असं बाईंनी ठरवून टाकलं. कारण लेकीचं ते लाकडी कपाटही तिला नेऊन द्यायचं होतं. "पोरीचं कपाट पोरीच्या घरी नको का?" अहो यावर काही बोलले नाहीत. ते तसेही फारसं बोलत नसत. बाईंच्या घरात ज्याला सुखाने राहायचं त्याने कमी बोलावं, हे त्यांना फार पूर्वीच उमगलं होतं.

एवढ्या लांबच्या प्रवासाला म्हातारी गाडी काढायची म्हणजे खेळ नव्हे. म्हणून मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री म्हणजे पोट सुटलेला, तोंडात सतत शीळ, आणि कुठलंही काम असो, "होऊन जाईल" म्हणणारा. टेलरबाईंच्या कपाळाला तिथेच आठी पडली. जो माणूस गाडी न बघता "होऊन जाईल" म्हणतो, त्याचा काय नेम? त्याने पिशवी उघडायच्या आत बाईंनी अंगणात जाऊन बॅटरीवर, स्टेपनीवर, जॅकवर, इतकंच काय रेडिएटरच्या झाकणावरही निळे ठिपके देऊन ठेवले. नवं सामान काढून जुनं बसवण्यात या लोकांचा हात कोण धरणार?

मिस्त्रीने काम मात्र मन लावून केलं. ब्रेकचे लायनर बदलले, इंजिनचं तेल बदललं, रेडिएटर धुतला, पाण्याचे रबरी पाइप नवे घातले, फॅनचा पट्टा नवा चढवला. चाकांचे नट आवळून झाल्यावर त्याने एका डबीतून पिवळा रंग घेतला आणि प्रत्येक नटावरून चाकापर्यंत एक एक रेघ ओढली.

"हे कशाला?" टेलरबाईंनी खिडकीतूनच विचारलं.

"खूण असते, बाई. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. लांब जाताय ना, रस्त्यात उतरून नुसती नजर टाकायची. रेघ सरळ तर नट जागेवर."

टेलरबाई मशीन थांबवून बघतच राहिल्या. आयुष्यभर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी ज्या सवयीवरून नाकं मुरडली, तीच हा माणूस राजरोस करत होता आणि वर त्याला हुशारी म्हणत होता! क्षणभर त्यांना मिस्त्री आवडलासुद्धा. क्षणभरच.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पाण्याचं थारोळं. नव्या पाइपची पट्टी ढिली. मिस्त्री आला, डोकं खाजवत म्हणाला, "मी स्वतः आवळली होती की ही!" पुन्हा आवळली. त्याच्या पुढच्या सकाळी गाडी चालूच होईना. बॅटरीची तार नुसती टेकवून ठेवल्यासारखी. ती आवळली, तर मग फॅनचा पट्टा किंचाळायला लागला, कारण त्याला ताण देणारा बोल्ट सैल. रोज एक दुखणं. रोज मिस्त्री हजर, आणि रोज निघणं पुढे ढकललं जातंय. बॅगा भरून दाराशी तशाच पडलेल्या. दोघांनी मिळून कपाट ढकलत ओसरीपर्यंत आणलेलं, तेही तिथेच अडून राहिलेलं.

टेलरबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. चुकचुकायला कसली, आता ती ओरडायलाच लागली. मिस्त्रीच मुद्दाम सैल ठेवून जातोय, म्हणजे रोज हात ओले! त्यांनी तोंडावर तसं सुनावलंही, आणि हळू आवाजात नव्हे. "चांगलं दुभतं गिऱ्हाईक मिळालंय तुम्हाला! आज पाइप, उद्या तार. परवा काय, चाक?" फाटकाशी दोन माणसं ऐकत उभी राहिली. मिस्त्रीचं तोंड लाल झालं. शीळ बंद पडली.

"बाई, माझ्या कामावर आजवर कुणी बोट ठेवलं नाही," तो म्हणाला. "मी आजच्या कामाचा एक पैसा घेणार नाही. पण गाडी मी नीट करूनच देणार."

आणि गंमत बघा, अहोंनी मिस्त्रीची बाजू घेतली. "अगं, कशाला बोलतेस त्याला. जुनी गाडी आहे, होतं असं." एवढं लांबलचक वाक्य अहो सहसा बोलत नाहीत. टेलरबाईंनी नवऱ्याकडे वळून नीट पाहिलं. नवरा चप्पल शोधायला लागला. चप्पल पायातच होती.

अस्सं! म्हणजे इथेच कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग त्यांना एकेक आठवायला लागलं. हल्ली अहोंना फोन आला की ते पाण्याच्या टाकीमागे जाऊन बोलतात. कालच टाकीमागून शब्द कानावर आले होते, "नाही, अजून निघालो नाही... बघतो मी काहीतरी... तू नको काळजी करूस." ही 'तू' कोण, की हा 'तू' कोण? आणि मिस्त्री पहिल्याच दिवशी गाडीवर थाप मारून म्हणाला होता, "असं इंजिन आता मिळत नाही, काका. विकायची झाली तर आधी मला सांगा." बस. टेलरबाईंनी दोनात दोन मिळवले. दोघांचं साटंलोटं आहे! नवऱ्याला गाडी मिस्त्रीच्या घशात घालायचीय. रोज काहीतरी मोडायचं, बायकोला कंटाळा आणायचा, आणि मग तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, 'विकून टाका तो खटारा.' आणि नात? नात बसेल तिकडे चालायला शिकत!

त्या संध्याकाळी मिस्त्रीने सगळं पुन्हा तपासलं, आवळलं, गाडी चालू करून दाखवली आणि गेला. तो फाटकाबाहेर पडताच टेलरबाईंनी बॉनेट उघडलं. जुन्या चिंधीने एकेक जागा पुसली, कारण तेलकटावर खडू उमटत नाही. मग पाइपच्या पट्टीच्या स्क्रूवर, बॅटरीच्या तारेच्या नटावर, पट्ट्याच्या बोल्टवर, जिथे जिथे हात पोचला तिथे निळी रेघ ओढली. अगदी बाहीला खूण करावी तशी, बारीक आणि सरळ. बॉनेट हळूच लावलं. घरात येऊन हात धुतले. अहो जेवताना खाली मान घालून बसले होते आणि बाई आज इतक्या गोड का बोलताहेत, हे त्यांना कळत नव्हतं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या टेलरबाई मशीनच्या खिडकीशी येऊन बसल्या. पडद्याला जरा फट ठेवली. फार वाट बघावी लागली नाही. मागच्या दाराने अहो बाहेर आले. अंगात बनियन, हातात पाना. मान वळवून त्यांनी एकदा घराकडे पाहिलं, बॉनेट उचललं आणि आत वाकले.

"काय हो," टेलरबाई त्यांच्या पाठीमागे येऊन उभ्या होत्या. "गाडीला अंघोळ घालताय?"

अहोंच्या हातातून पाना निसटून इंजिनात कुठेतरी खोल जाऊन वाजला. बाईंनी आत बोट दाखवलं. पाइपच्या पट्टीवरची निळी रेघ मधोमध तुटली होती. स्क्रूवरचा तुकडा एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे.

"रंगेहाथ," बाई म्हणाल्या. चोर पकडल्याचा आनंद त्यांना लपवता येईना. "आणि मी त्या बिचाऱ्या मिस्त्रीला चारचौघांत बोलले! कितीला ठरलाय सौदा?"

"कसला सौदा?"

"गाडीचा! टाकीमागे कुणाशी कुजबुजता रोज?"

अहोंनी बनियनला हात पुसले. काळे डाग पोटावर पसरले. बाईंना तर थांबणं ठाऊक नव्हतं. "लाज नाही वाटत? मी इथे नातीसाठी दिवस मोजतेय आणि तुम्ही पाइप सोडवताय! रस्त्यात काही झालं असतं म्हणजे?"

"ब्रेकला मी हात लावला नाही," अहो एकदम म्हणाले. "कधीच नाही. चाकाला नाही. गाडी अंगणातच अडकून राहील, एवढंच करत होतो. त्या गाडीत तू बसणार होतीस ना."

"मग कशासाठी?"

"लेकीचा फोन असतो तो."

टेलरबाईंना कळेना. "तिचा फोन टाकीमागे कशाला घ्यायचा?"

"ती म्हणते..." अहो थांबले. गाडीच्या दिव्याकडे बघत त्यांनी ते कसंबसं बाहेर काढलं. "ती म्हणते, बाबा तुम्ही या. हवं तितके दिवस राहा. आईला आणू नका."

आता कुणीही माणूस इथे खाली बसला असता. टेलरबाई बसल्या नाहीत. त्यांच्या मनात पहिली आली ती शंकाच. हा माणूस खोटं बोलतोय. सापडला म्हणून लेकीच्या आड लपतोय. स्वतःच्या पोटची पोर असं बोलेल?

"फोन लावा," त्या म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर. आवाज मोठा ठेवा. आणि मी इथे आहे हे तिला सांगायचं नाही."

"अगं, नको."

"लावा म्हणते ना!"

अहोंनी फोन लावून मडगार्डवर ठेवला. पलीकडे लेकीचा झोपाळलेला आवाज आला, आणि तिच्या मागे बाळाचं काहीतरी चाललेलं, ब्बा ब्बा. टेलरबाई त्या आवाजाकडे कान लावून पुढे वाकल्या.

"बोला बाबा. निघालात का? एकटेच ना?"

"नाही गं. अजून... गाडीच." अहोंनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी हाताने खूण केली, पुढे विचारा. "मी म्हणत होतो, आईला चार दिवस आणलं तर? तिचा फार जीव लागलाय."

पलीकडे लेकीने श्वास सोडलेला इथे ऐकू आला. "बाबा, आपण किती वेळा तेच बोलणार? मला तिचा राग नाही. खरंच नाही. पण ती आली की तिसऱ्या दिवशी मी माझ्याच घरात दारं हळू उघडायला लागेन. मी अजून कपाट उघडताना आधी फटीत बघते, माहितेय तुम्हाला? दोरा आहे का ते! नवरा हसतो मला. ती इथे येऊन दुधाच्या बाटलीवर खडू लावेल. पोरगी किती प्यायली, खरं की खोटं. माझ्या मुलीला कुणी असं वाढवायचं नाही. बस."

बाळाने पुन्हा काहीतरी म्हटलं. मग लेकीचा आवाज बदलला. सावध झाला.

"बाबा, आई तिथेच आहे का?"

अहोंनी वर पाहिलं. टेलरबाईंनी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणा, नाही म्हणा.

"नाही गं," अहो म्हणाले. "ती आत आहे. मशीनवर बसलीय."

"मशीनचा आवाज येत नाहीये, बाबा."

ही कुणाची लेक होती, ते सांगायला नको. अजूनही गप्प राहता आलं असतं. लेकीच्या हाती पुरावा काहीच नव्हता. पण बाईंना एकाएकी फार दमल्यासारखं झालं. त्यांनी गाडीची कड धरली.

"ऐकतेय मी," त्या म्हणाल्या.

लेक लगेच फोन ठेवेल असं वाटलं. तिने ठेवला नाही. तिघांनी आपापल्या जागी बाळाचं ब्बा ब्बा ऐकलं.

"मग ऐकलंस ना, आई," लेक म्हणाली. आवाजात चीड नव्हती, तेच वाईट होतं. "बरं झालं." आणि फोन बंद झाला.

टेलरबाई घरात गेल्या. आधी त्यांना संताप आला, आणि तो त्यांनी भांड्यांवर काढला. कशासाठी केलं मी हे सगळं? पोरगी वाया जाऊ नये म्हणून! दुसऱ्यांच्या पोरी बघा! कृतघ्न मेली! मग भांडी घासून संपली. पाणी पिऊन त्या ओसरीवर आल्या. तिथे कपाट उभं होतं. त्यांनी त्याच्या दोन दारांच्या फटीवरून बोट फिरवलं. आतल्या कडेला खळीचे खरखरीत डाग होते, एकावर एक चढलेले, वरपासून खालपर्यंत. दोरा तुटला की त्याच जागी दुसरा चिकटवायच्या त्या. डाग बोटाला लागत राहिले आणि संपेनात. बाई तिथेच कपाटाला टेकून रडल्या, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा.

मिस्त्री नेहमीच्या वेळेला आला. बोलणी खाल्ल्यापासून त्याचं तोंड उतरलेलंच होतं. त्याने बॉनेट उघडलं, ढिली पट्टी बघितली आणि हताश होऊन पिशवी खाली टाकली. "बाई, आता मात्र मी शपथ घेतो."

"तुम्ही काही घेऊ नका शपथबिपथ," टेलरबाई म्हणाल्या. डोळे सुजलेले होते, आवाज ठणठणीत होता. फाटकाशी कालचीच माणसं घुटमळत होती, त्यांनाही ऐकू जावं असा. "तुमचं काम चोख होतं. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. चोर घरातलाच निघाला."

"कोण?"

अहोंनी मान खाली घातली.

"मी," टेलरबाई म्हणाल्या. "माझ्यामुळेच गाडी निघत नव्हती. आता सगळं पक्कं आवळा. आज निघायचंय. आणि तो पाना पडलाय आत कुठेतरी, तो आधी काढा."

मिस्त्री काही समजला नाही, पण नको तिथे न विचारण्याइतका शहाणा होता. त्याने सगळं आवळलं. हळूहळू शीळही परत आली. टेलरबाईंनी एक बॅग उचलून घरात नेली आणि एक गाडीत टाकली. वाटेत खायचं बांधून दिलं, पाण्याचा कॅन भरून दिला. अहो ओसरीवरच्या कपाटाला हात लावायला गेले, तर म्हणाल्या, "ते राहू दे. ते तिला नकोय."

"मग मीही जात नाही," अहो म्हणाले. "तू नाही तर मी कशाला जाऊ? तिला कळू दे."

"काय कळू दे? जा म्हणते ना. आपल्यातल्या एकाला तरी बोलावलंय तिने." बाईंनी गाडीचं दार उघडून धरलं. "मांडीवर घ्या तिला. नीट घ्या, पाठ सांभाळून."

अहो चढून बसले. गाडी पहिल्याच फिरकीला चालू झाली, आवाज कसा एकसारखा. त्यांनी काच खाली केली. "तिला काही सांगायचंय तुझं?"

टेलरबाईंनी विचार केला. सांगायचं खूप होतं, पण त्यातलं बरंचसं प्रश्नच होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि परत आलात की मी विचारीन. घर कसं ठेवलंय, जावई कसा वागतो, माझ्याबद्दल काय म्हणाली. खोदून खोदून विचारीन, मला माहितेय. सांगू नका. तिने 'आईला सांगा' म्हटलं असेल, तेवढंच सांगा."

"आणि तिने काहीच म्हटलं नाही तर?"

"तर नका सांगू काही."

अहोंनी बायकोच्या हातावर हात ठेवला, काळाच हात, आणि गिअर टाकला. पिकअप फाटकातून बाहेर पडली, रस्त्याच्या वळणावर तिचा लाल दिवा लागला आणि विझला. मिस्त्री चिंधीला हात पुसत फाटकाशी येऊन उभा राहिला.

"काय बाई," तो म्हणाला, "एवढा नातीचा धोशा लावला होतात, आणि काकांना एकट्यालाच पाठवलंत? तुम्ही का नाही गेलात?"

काल हाच प्रश्न कुणी विचारला असता, तर बाईंनी आधी विचारलं असतं, तुम्हाला कशाला चौकशा.

"मला बोलावलं नाही," टेलरबाई म्हणाल्या.